अठ्ठ्याहत्तरचा सुळका

प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राला सगळे सासूबाई म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवलं त्याने यंत्र बरोबर ओळखलं होतं. जरा कुठे चुकीचं बोट लागलं की बिनसायचं, एकदा बिनसलं की दोन-दोन दिवस मनधरणी करावी लागायची, आणि मग पडद्यावर जे उमटायचं त्यात कौतुक कसलं, नुसत्या चुका काढलेल्या. चिमीचं लग्न झालं नव्हतं, तरी तिची आई शेजारणींना सांगायची, "आमच्या चिमीला नवऱ्याच्या आधी सासू मिळाली बाई."

चिमी हे अर्थात घरातलं नाव. तिशी कधीच ओलांडली होती, कानांशी पांढरे केस डोकावत होते आणि डॉक्टरेटचा प्रबंध ना धड आत ना धड बाहेर असा घशाशी अडकला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे तिचे सर, मन प्रसन्न असलं की तिला "बाईसाहेब" म्हणत आणि नसलं की "हे बघ" अशी सुरुवात करत. गेलं वर्षभर "हे बघ" चाललं होतं.

सासूबाई म्हणजे स्टीलचं एक भलंमोठं बंद भांडं, त्याला चिकटलेले घरघरणारे पंप आणि वर एक लांब नळी. भांड्यात हवा म्हणून ठेवायची नाही, सगळी उपसून टाकायची. मग एका बारीक झडपेतून बेंझाल्डिहाइडच्या वाफेची फुंकर आत सोडायची. हे द्रव्य म्हणजे कडू बदामाच्या वासाचं एक तेल. त्याचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं एक कडं आणि त्या कड्याला लटकलेलं छोटंसं शेपूट. त्या फुंकरीवर अतिनील लेसरचा झोत मारायचा. लेसरचा प्रकाश आधी हिरवागार दिसायचा, पण स्फटिकातून पार झाला की डोळ्यांना दिसेनासा व्हायचा आणि तेव्हाच खरा घातक व्हायचा. म्हणून दाराशी खुंटीवर गॉगल टांगलेले असत, कामाचे आणि एक जादा, पाहुण्यांसाठी. पाहुणे कोणी येत नसत.

झोत बसला की रेणूमधून एखादा इलेक्ट्रॉन उडतो, नाहीतर रेणू तुटतो, नाहीतर दोन्ही होतं. इलेक्ट्रॉन गमावलेल्या तुकड्यांना विजेने ढकललं की ते नळीतून धावत सुटतात. हलके पुढे, जड मागे. कोण किती उशिरा पोचला त्यावरून त्याचं वजन कळतं आणि पडद्यावर त्या वजनाच्या जागी एक सुळका उभा राहतो. अख्खा रेणू एकशेसहाला. शेपूट गळून गेलेलं नुसतं कडं, म्हणजे बेंझिन, अठ्ठ्याहत्तरला.

आणि या अठ्ठ्याहत्तरनेच सगळा घोळ घातला होता.

चिमीचं म्हणणं असं, की रेणू प्रकाशाच्या पहिल्याच तडाख्याने तुटतो. इलेक्ट्रॉन वगैरे जायच्या आधीच. शेपूट गळतं, त्यातला हायड्रोजन तेवढा कड्याला चिकटून राहतो, आणि त्याच झोतातला पुढचा प्रकाश त्या कड्याचा इलेक्ट्रॉन काढून नेतो. आधी मोडणं, मग विद्युतभार. सर म्हणत, उलट. आधी इलेक्ट्रॉन जातो, रेणू मागाहून तुटतो, आणि तसा तुटला तर शेपटाबरोबर तो हायड्रोजनही जातो, मुख्य सुळका सत्त्याहत्तरला यायला हवा. तो येतोच आहे. मग अठ्ठ्याहत्तरला हे कोण उपटसुंभ?

"हे बघ, तो कचरा आहे," सर म्हणत.

"सर, पण लेसरचा रंग बदलत नेला की बेंझिन जो रंग खातं नेमका त्याच रंगाला सुळका उसळतोय."

"मग? बेंझिनचा कचरा आहे. मी कुठे म्हटलं भुताचा आहे? बेंझिन काय, कुठूनही येतं. पंपाच्या तेलातून येतं, आधीच्या पोरांनी सांडलेल्या द्रवातून येतं. भांडं धू."

तर ते बेंझिन आहे यावर दोघांचं एकमत होतं. ते रेणूतून आलं की भिंतीवरून, यावर भांडण. चिमीच्या प्रबंधाचा सगळा डोलारा त्या एका सुळक्यावर उभा होता. तो कचरा निघाला की तिच्याकडे सांगण्यासारखं काही म्हणजे काही उरत नव्हतं.

सर दुष्ट नव्हते, हेच तर दुखणं होतं. दुष्ट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या घालता येतात. तरुणपणी त्यांनी अशाच एका सुळक्याचा शोध लावून जगाला सांगितला होता, आणि पुढे तो पंपाच्या तेलाचा निघाल्यावर स्वतःच्या हाताने मागे घेतला होता. तेव्हापासून त्यांना नव्या सुळक्यात तेल दिसायचं. दुधाने पोळलेला माणूस निदान दूध तरी ओळखतो, यांना पाण्याचीही खात्री नव्हती.

चिमीने भांडं धुतलं. पुन्हा धुतलं. तापवलं, वाळवलं, पंपांचं तेल बदललं, नळ्या बदलल्या. सुळका जागचा हलला नाही. द्रावकांनी हाताची सालं निघाली, बोटांना चिरा पडल्या, लिंबू पिळायची सोय राहिली नाही. कडू बदामाचा वास केसांत, दुपट्ट्यात, डब्याच्या पोळीत मुरला. म्हणजे तसं बाहेरची माणसं सांगायची. प्रयोगशाळेतल्या कोणाच्याच नाकाला तो वास आता येत नव्हता. चिमीच्या नाकाने तर पहिल्याच वर्षी हात टेकले होते.

घरी दोन खोल्यांत ती आणि आई. आईने आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले होते, आता डोळ्यांमुळे मशीन बंद होतं, आणि सगळं लक्ष चिमीवर होतं. संध्याकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"तुटलं का गं?"

"तुटतंय रोज, आई. तुटतंय हे तर माहीतच आहे. आधी तुटतंय की नंतर, ते ठरत नाहीये."

"आधी की नंतर, मोडलं ते मोडलंच ना?"

"आई, प्लीज."

"बरं बाई. मला एकदा नेऊन दाखव तरी तुझी सासू. मी लांबून बघीन, हातबित लावणार नाही."

"नेते. जरा जमू दे, मग नेते."

हे "जमू दे" इतक्या वेळा बोलून झालं होतं की आईने आता त्यावर बोलणं सोडलं होतं. विचारणं मात्र सोडलं नव्हतं. आणखी एक तिचं टुमणं होतं. "त्या तुझ्या पुस्तकात माझं नाव येईल का?" चिमी म्हणायची, "आधी पुस्तक तर होऊ दे."

तिच्या हातांची दशा बघून आईने औषधांच्या दुकानातून क्रीमची ट्यूब आणली. रात्री जेवणं झाली की आणि सकाळी निघण्याआधी, ती चिमीला समोर बसवून एकेक बोट चोळायची. चिमी हात पुढे करायची आणि डोळे मिटायची. दिवसभरात कोणीतरी आपल्यावर न ओरडता आपल्याला हात लावतंय एवढंच तिला पुरे होतं.

कोंडी फोडायचा एक मार्ग होता, आणि तो सरांच्या कपाटात कुलपात होता. काचेच्या बंद कुपीतलं बेंझाल्डिहाइड, पण खूण केलेलं. शेपटातला एकुलता एक हायड्रोजन काढून तिथे त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ बसवलेला. रेणू मोडताना तो कड्याला चिकटून जातो. म्हणजे बेंझिन रेणूतूनच येत असेल तर सुळका अठ्ठ्याहत्तरवरून उठून एकोणऐंशीवर जाऊन बसेल. भिंतीवरच्या कचऱ्याला ही खूण कुठून असणार? तो अठ्ठ्याहत्तरवरच राहील. शेंबड्या पोरालाही समजावं असा निकाल.

पण ती कुपी सरांच्या एका मित्राने निवृत्तीआधी स्वतःच्या हाताने बनवून दिली होती, तशी दुसरी मिळणार नव्हती, आणि सर तिच्यावर नागोबासारखे बसले होते. "कचऱ्यावर उधळायला नाही दिली त्याने," एवढंच म्हणायचे.

मग वरून हुकूम आला. ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायची, सासूबाईंचे भाग सुटे करून गोदामात टाकायचे, सोमवारी मेकॅनिक येणार. त्या दिवशी सरांनी कपाट उघडलं. कुपी तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "हे बघ, एकदाच. आणि जुनी झडप, जुनी नळी काही वापरू नकोस. त्यात साधा माल मुरलेला असणार. सगळं नवं कोरं लाव."

चिमीने सगळं नवं कोरं लावलं. नवी झडप, नवी नळी, झडपेखाली बसणारी नवी रबरी रिंग. ही रिंग नखाएवढी, खाचेत बसवायची म्हणजे जीव जातो. हातमोज्यातून ती सारखी निसटत होती, आणि मोजा बोटाच्या चिरेला चिकटून अशी कळ येत होती की डोळ्यांत पाणी यावं. शेवटी वैतागून तिने मोजा ओढून काढला, उघड्या बोटाने रिंग दाबून बसवली आणि वरून द्रावकाचा बोळा फिरवला. असं सगळेच करत. सरही करत.

शुक्रवारी दुपारी कुपी फोडली. लेसर टकटकू लागला, फुंकरी आत जाऊ लागल्या. सर खुर्ची ओढून मागे बसले. पडद्यावर रेघ थरथरली आणि सुळके वर आले.

एकोणऐंशीला सुळका होता. आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, अठ्ठ्याहत्तरलाही होता.

चिमी बघतच राहिली. हे दोन्ही कसं असेल? एक तर हे, नाहीतर ते, इतका साधा सवाल, आणि सासूबाईंनी उत्तर दिलं, दोन्ही.

"आहे की तुझा अठ्ठ्याहत्तर," सर म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण शंकाही नव्हती.

"सर, एकोणऐंशीपण आहे ना!"

"एकोणऐंशी कशानेही येतं. कचरा जर इतका आहे, तर मी त्या एकोणऐंशीवर विश्वास का ठेवू? ज्या भांड्यात एक घाण आहे त्यात दोन असू शकतात. परीक्षक हेच विचारेल. काय सांगशील?"

 लेसर तसाच टकटकत होता, तिने उठून तो बंद केला. कुपीत तळाला थोडं शिल्लक होतं, ते तिने शीतकपाटात ठेवलं. सर दारापर्यंत गेले, थांबले, म्हणाले, "प्रबंध दुसऱ्या कुठल्या मुद्द्यावर उभा करता येतो का बघू," आणि गेले. दुसरा मुद्दा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. आईने "तुटलं का" विचारलं नाही. चेहरा बघितला आणि ट्यूब घेऊन आली.

"आण हात. बघ काय दशा झालीये. हे लावलं की बरं वाटतं ना? वास पण तुझ्या आवडीचा आहे."

"कसला वास?"

"असं काय करतेस? बदामाचा. तुझ्या अंगाला नाही का रोज येत? मी म्हटलं, एवढं हौसेने लावते अत्तर, तर क्रीमही तेच आणावं. दुकानात मुद्दाम मागून घेतलं."

चिमीने हात मागे घेतला. बोटं नाकाशी नेली. काही नाही. हुंगहुंग हुंगली. काही म्हणजे काही नाही. तिने आईच्या हातातून ट्यूब हिसकावली आणि मागची मुंगीएवढी अक्षरं दिव्याखाली धरली. कडू बदामाचा अर्क.

कडू बदामाचा अर्क म्हणजे बेंझाल्डिहाइड. साधं, बिनखुणेचं. तेलात कालवलेलं, तिच्या बोटांच्या चिरांत चोळलेलं, त्या बोटांनी रबरी रिंगमध्ये दाबून बसवलेलं. रबर असलं तेल पोटात घेतं आणि निर्वात पोकळीत गेलं की हळूहळू सोडतं, हे तिने स्वतः नव्या पोरांना शिकवलं होतं.

मग तिचा तोल गेला. "अत्तर? मी अत्तर लावते? आई, तो माझ्या कामाचा वास आहे! मी तोच धुऊन काढतेय वर्षभर! एकच कुपी होती, अख्ख्या जगात एकच, आणि तू... तुला कोणी सांगितलं होतं हे आणायला? विचारायचं तरी होतंस!" बोलता बोलता तिला कळत होतं की यात आईचा काडीचा दोष नाही, मोजा आपण काढला, आणि कळत होतं म्हणूनच आवाज आणखी चढत होता.

आई ट्यूबचं टोपण शोधत राहिली. ते तिच्याच दुसऱ्या हातात होतं.

शनिवारी सकाळी चिमी सरांच्या घरी जाऊन थडकली. सरांनी दारातच सगळं ऐकलं.

"क्रीम," ते म्हणाले.

"क्रीम."

"आणि मोजा?"

"काढला होता."

सरांनी कपाळाला हात लावला. मग कुठेतरी बघत म्हणाले, "मीपण काढतो," आणि किल्ली दिली.

शनिवार भांडं उघडण्यात, झडप धुण्यात आणि नवी रिंग बसवण्यात गेला. या वेळी हातात मोजे, मोज्यांवर मोजे, आणि हाताला काहीही नाही. कोरड्या चिरा मोज्यांच्या आत उलत होत्या. रिंग पंचवीसदा निसटली असेल. तिने रडत, दात-ओठ खात, पण मोज्यानेच ती बसवली. मग पंपांना हवा उपसायला रविवार दुपारपर्यंतचा वेळ दिला.

रविवारी सर आपणहून आले. मेकॅनिकची रिकामी ढकलगाडी आदल्या दिवशीच दाराशी येऊन उभी होती, तिला वळसा घालून आत यावं लागलं. तळाचं उरलंसुरलं आत सोडलं, लेसर टकटकला.

एकोणऐंशी उभा राहिला. शेजारी अठ्ठ्याहत्तरच्या जागी जेमतेम एक टेंगूळ. चिमीने रंग थोडा बदलला, एकोणऐंशी बसला. रंग परत आणला, उठला. कुपीतली वाफ संपेपर्यंत ती हेच करत राहिली, एखाद्या पोराने दिव्याचं बटण दाबत बसावं तशी. मग सुळका बुटका होत होत विझला. तोवर सगळं साठवून झालं होतं.

सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"म्हणजे आधीच मोडतो," ते म्हणाले.

"आधीच मोडतो, सर."

"पण कचरा होता, बरं का! मी म्हणत होतो कचरा आहे, तर होताच." एवढं बोलून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. चिमीला मात्र असं वाटलं की उचलावा झडपेजवळचा पाना आणि घालावा कशात तरी. वर्षभर जो कचरा नव्हता तो आहे म्हणून सर भांडले, आणि शेवटच्या आठवड्यात तो तिने स्वतःच आणून दिला. "लिही आता, बाईसाहेब," सर म्हणाले. "आणि शुक्रवारची मोजणी गाळायची नाही. कचऱ्याचंही लिहायचं. कसला, कुठून आला, सगळं स्पष्ट."

घरी गेली तेव्हा मेजावर नवी ट्यूब होती. आईने तिच्याकडे न बघता सांगितलं, "याला कसलाच वास नाही. दुकानातल्या सगळ्या उघडून बघितल्या मी. तो माणूस चिडला शेवटी." चिमीने हात पुढे केले. सॉरी म्हणायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. आईने बोटं चोळायला घेतली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुटलं, आई. आधीच तुटतं."

"मी म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली. तिने असं काहीही म्हटलं नव्हतं.

प्रबंध छापून आला तेव्हा सासूबाईंची हाडं गोदामात जाऊन पडली होती आणि त्या खोलीत दुसऱ्या विभागाची टेबलं लागली होती. आईने चष्मा पुसला, जाडजूड पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "माझं नाव?"

चिमीने पहिलं पान दाखवलं. आभारांत सर्वांत वर आई. आईने त्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली.

"आणखी एका ठिकाणी आहेस," चिमी म्हणाली. सांगू की नको असं तिचं कितीतरी दिवस चाललं होतं. तिने मधलं पान काढलं आणि तळाची बारीक ओळ वाचून समजावली. खूण केलेल्या मालाच्या पहिल्या मोजणीत अठ्ठ्याहत्तरला दिसलेला सुळका हा हाताला लावलेल्या, कडू बदामाचा अर्क असलेल्या क्रीममुळे आत शिरलेल्या अशुद्धीचा होता.

"म्हणजे मी आणलेलं ते."

"हो."

आता आईला वाईट वाटणार म्हणून चिमीने मन घट्ट केलं. आईने ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमलायला लागलं.

"म्हणजे मी चोळलेलं क्रीम थेट त्या यंत्राच्या आत गेलं? आणि तिथे ते दिसलं? पडद्यावर?"

"चांगलं एवढं मोठं दिसलं."

"बघ!" आई हसायला लागली, पुस्तक मांडीवर हलेपर्यंत हसली. "तू सारखं म्हणायचीस, जमू दे, मग नेते. मी आपली आपण जाऊन आले!"

चिमीही हसली. हसता हसता तिला ती दाराजवळची खुंटी आठवली, आणि पाहुण्यांसाठीचा तो जादा गॉगल. आईला घेऊन जायचं म्हणजे दोन बस आणि एक जिना, एका दुपारचं काम होतं. तिने पुस्तक आईच्या मांडीवरून घेतलं नाही. तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आत कसं होतं ते सांगू तुला?"

"सांग," आई म्हणाली आणि पुस्तक मिटून नीट सरसावून बसली.